घोड्याची मान

माणसाने घोड्याची जितकी चित्रे काढली आणि जितके पुतळे घडवले, तितके त्याला नीट पाहिले मात्र नाही. चित्रातल्या घोड्याची मान कमानीसारखी वळलेली असते, नाकपुड्या फुललेल्या असतात, पुढचा एक पाय ऐटीत उचललेला असतो. ते पाहून आपण म्हणतो, तेज म्हणतात ते हेच! मग ज्याला असा घोडा हवा असतो, तो त्याची मान तशी ओढून बांधून टाकतो. तेज मानेत असेल, तर मान वळवली की तेज आलेच पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब. हा हिशेब घोड्यापुरता राहिला असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. परंतु तो पुष्कळ घरांत आणि शाळांत शिरलेला आहे, म्हणून त्याची उलटतपासणी करणे अगत्याचे वाटते.

पाहण्याऐवजी कल्पिण्याची खोड जुनीच आहे. भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे अन् मागचे मागे ताणलेले, आणि तो तसाच अधांतरी तरंगतो आहे, असे युरोपातले नामांकित चित्रकार वर्षानुवर्षे रंगवीत आले. 1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली, तेव्हा कुठे उमगले की चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

घोड्याच्या श्वासाची गोष्ट याहून नवलाची आहे. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. माणसासारखे तोंड उघडून धापा टाकण्याची सोय निसर्गाने त्याला ठेवलेली नाही. स्वस्थ उभा असला की तो मिनिटाला 10-12 वेळा श्वास घेतो; चौखूर सुटला की हा आकडा 120 च्या वर जातो. आणि त्या धावेत एका झेपेला एकच श्वास, असे त्याचे गणित असते. पुढचे पाय हवेत असताना हवा आत येते, ते जमिनीवर टेकून अंगाचा भार घेतात तेव्हा ती बाहेर पडते. ब्रॅम्बल आणि कॅरियर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1983 साली पावलांचा आणि श्वासाचा हा मेळ जगापुढे मांडला. चाल आणि श्वास या तेथे दोन गोष्टी राहतच नाहीत. एकीला अडवले की दुसरी अडलीच.

आता मानेकडे वळू. घोड्याला गळ्याचे हाड नाही. पुढच्या दोन पायांमध्ये त्याची छाती केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, आणि अंगाच्या भारातला निम्म्याहून अधिक वाटा हे पुढचे पायच उचलतात. त्यात पाठीवर स्वार बसला की काम आणखी अवघड. चांगला शिक्षक काय करतो? तो मागच्या पायांना पोटाखाली पुढे यायला शिकवतो. हळूहळू पाठ उचलली जाते, छाती खांद्यांमधून वर येते, आणि सर्वांत शेवटी, महिन्यांच्या नव्हे वर्षांच्या मेहनतीनंतर, मान आपोआप कमान घेते. ती कमान म्हणजे झाडाला लागलेले फळ. उतावळा माणूस फळच आधी फांदीला बांधतो. लगाम खेचून मान छातीकडे आणली की घशातली हवेची वाट अरुंद होते, पाठ खचते, मागचे पाय मागे रेंगाळतात. लांबून घोडा रुबाबदार दिसतो. जवळ जाऊन ऐकावे तर त्याचा श्वास कोंडलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची डोकी एका वेगळ्या वादीने उंच बांधून ठेवण्याची रीत होती. चढावर ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून सारा जोर गळपट्ट्यावर टाकावा लागतो. नेमके तेच त्याला करता येत नसे. ॲना स्यूएल या बाईंनी 1877 साली ‘ब्लॅक ब्यूटी’ हे पुस्तक घोड्याच्याच तोंडून सांगितले आणि त्यात या वादीचे दुःख मांडले. चौदाव्या वर्षी पायांना झालेल्या दुखापतीने त्यांचे चालणे कायमचे अवघड झाले होते. त्यांचे फिरणे घोड्यांच्या जिवावर. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच त्या वारल्या. वादी पुढे मागे पडली, पण मोह गेला नाही. अगदी 2010 साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला लोझान येथे बैठक घेऊन जाहीर करावे लागले की, बळजबरीने घोड्याची मान वाकवणे मान्य होणार नाही.

कोणी विचारील, मग घोड्याला मोकळाच सोडावा काय? नाही. न शिकवलेला घोडा स्वाराच्या भाराखाली पाठ खचवून चालतो आणि स्वतःचेच नुकसान करून घेतो. शिस्त हवीच. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. बळजबरीने करवलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, चाबकाखाली नाचणाऱ्या नर्तकाच्या नाचात ते कसे असेल, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्या घोड्यांपुढे मिरवताना घोडा आपण होऊन जी ऐट घेतो, तीच स्वाराने त्याच्याकडून मिळवावी, असे त्याचे सांगणे. आपल्याकडे पतंजलींनीही आसनाला स्थैर्याइतकीच सुखाची अट घातली आणि प्राणायाम त्यानंतर ठेवला. फरक इतकाच की, योगी आपले आसन आपण निवडतो. घोडा निवडीत नाही आणि लहान मूलही निवडीत नाही. म्हणून ज्याच्या हाती लगाम, परीक्षेचा भार त्याच्यावर.

मी शिक्षक आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा आमच्या धंद्यात वंशपरंपरेने चालत आली आहे. तिने वर्ग शांत होतो. गोष्ट रंगली की त्यानेही वर्ग शांत होतो. दारातून डोकावणाऱ्या साहेबांना दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. पण एकीत मुलांनी श्वास रोखलेला असतो, दुसरीत तो संथ चाललेला असतो. घरांतही हेच. वडील आत आले की फराळाच्या ताटांभोवतीचे हसणे थांबते, आणि आपण त्याला धाक म्हणून मिरवतो. सून खाली मान घालून वावरते, आणि आपण तिला सुशील म्हणतो. मान कोणी वाकवली, तिने की वादीने, हे विचारायला आपल्याला सवड नसते.

ते ओळखावे कसे? जाणते स्वार एक साधी कसोटी लावतात. घोडा डौलात चालत असताना ते चार पावलांपुरता लगाम पुढे सोडून देतात. डौल टिकला, तर तो घोड्याचा. मोडला, तर तो लगामाचा होता. शिक्षकाने अधूनमधून वर्गाबाहेर जावे, बापाने मुलाला न विचारता पैसे खर्चू द्यावेत, सासूने घराच्या किल्ल्या चार दिवस सुनेकडे ठेवाव्यात. ही कसोटी लावायला भय वाटते, कारण तिच्यात परीक्षा घोड्याची होत नाही, स्वाराची होते.

मनावरचा ताण उतरला की घोडा नाकातून लांब, मऊ फुरफुरतो. जाणत्या स्वाराला तो आवाज लोकांच्या टाळ्यांहून गोड वाटतो. आपल्या हाती ज्यांचे लगाम आहेत, त्यांचा असा श्वास आपण शेवटचा कधी ऐकला, एवढे जरी प्रत्येकाने स्वतःला विचारले, तरी पुष्कळ माना आपोआप वर येतील.