अनरसे आणि परिपत्रक

२०२० च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. लक्ष्मीपूजन १४ तारखेला, म्हणजे दिवाळी अगदी तोंडावर. तेव्हा कुठे शालेय शिक्षण विभागानं सुट्टी जाहीर केली: १२ ते १६ नोव्हेंबर, पाच दिवस, तेवढ्यापुरते ऑनलाइन वर्ग बंद. शिक्षक संघटनांनी ओरड केली आणि तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी ती ७ ते २० अशी चौदा दिवसांची केली. निर्णय चांगलाच होता, पण तो कळला तेव्हा सुट्टी सुरू व्हायच्या बेतात होती. रेल्वेचं आरक्षण त्या काळी १२० दिवस आधी उघडत असे. वर्धा जंक्शनवरून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या घरानं तिकिटं जुलैत काढायची आणि सुट्टी कधी ते नोव्हेंबरात ऐकायचं, असा तो हिशेब. तिकडे न्यायला घेतलेला वर्ध्याच्या गोरसपाकचा पुडा बऱ्याच घरांत घरीच संपला असणार.

प्रवासाचं एक वेळ सोडा, करोनात जायचं तरी कुठे होतं? अनरशांचं घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग फडक्यावर पसरायचे, तेही किंचित ओल राहील इतपतच. कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळायचा आणि पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. घाई केली की अनरसा तुपात विरघळतो, हे ज्यानं एकदा पाहिलं तो घाई करत नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताटात अनरसा हवा असेल, तर तांदूळ महिन्याच्या सुरुवातीलाच पाण्यात पडायला हवेत. १२ तारखेला सुरू होणाऱ्या सुट्टीत अनरसा बसतच नाही. तो वर्ग चालू असतानाच करावा लागतो.

पिपरी मेघे जनगणनेच्या लेखी शहर, कारभारानं ग्रामपंचायत आणि राहणाऱ्याच्या दृष्टीनं वर्ध्याचाच एक भाग. इथे आमच्या ओळखीच्या एक मॅडम गणित शिकवतात. त्यांचा ऑनलाइन वर्ग संध्याकाळी सातला असायचा, कारण पोरांच्या घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात. तो कामावरून परतायचा, कुणी कापसाच्या शेतातून यायचं, तेव्हा पोराच्या हाती फोन लागायचा. सातला तळणही असायचं. एकदा गुणोत्तर-प्रमाण चालू असताना एका पोरानं विचारलं, ‘मॅडम, तुमच्या घरी काय तळून राह्यले?’ सगळे हसले. मॅडमनी माइक बंद केला, झारा सासूबाईंच्या हाती दिला, माइक सुरू केला आणि पुढचं उदाहरण घेतलं. उदाहरण होतं अमुक इतके मजूर भिंत किती दिवसांत बांधतील याचं. किलोभर तांदळाला गूळ किती, आणि पाच किलोला किती, हे तिथेच ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं.

हे वर्ध्यात घडावं याची मला गंमत वाटते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. पुढे सेवाग्रामला तो प्रत्यक्षात आला. हातानं करायचं काम हाच विषय, बाकीचे विषय त्यातून फुटलेले. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योगाला होती. तिथल्या गुरुजींना गूळ-तांदळाचा प्रश्न सुचला असता आणि माइक बंद करायची गरजही पडली नसती. मला त्या योजनेचा भाबडा पुळका नाही. तिच्यात वर्षाला २८८ कामाचे दिवस धरले होते! आजच्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२० आहेत. पण घर आणि शाळा यांच्यातली भिंत त्या लोकांनी विचार करून पाडली होती आणि येणंजाणं दोन्ही बाजूंनी होतं. ऑनलाइन वर्गानं ती पाडली ती फक्त शाळेला घरात घुसता यावं म्हणून. शाळेनं घराची बैठक घेतली, डेटा घेतला, संध्याकाळ घेतली. घराचा आवाज मात्र तिला चालला नाही.

शिक्षण हक्क कायद्यानंच शिक्षकाला आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत आणि त्यात पाठाची तयारी धरली आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, हे सरकारला मान्य आहे. सणाची, प्रवासाची तयारी मात्र कुणाच्याच हजेरीपटावर नाही. देशातल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांची नऊ. दरी जवळपास तेवढीच. शाळेत सरांना आणि मॅडमना सुट्टी एकाच परिपत्रकानं मिळते, पण सर सुट्टीवर जातात आणि मॅडम एका पाळीतून दुसरीत. ‘तुम्हाला काय बाई, वर्षाला ७६ सुट्ट्या’ असं शेजारी म्हणतात, त्यांनी एकदा विचारावं की त्या ७६ मध्ये बॅगा कोण भरतं.

मग उपाय? फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. मला त्याचं कौतुक आहे, पण भरवसा कमी. सुट्टीत ग्रुपवर ‘तात्काळ माहिती पाठवा’ असा निरोप येतो, तेव्हा कायद्याचं कलम काढून दाखवणारी शिक्षिका मी अजून पाहिलेली नाही. पगार, बदली, गोपनीय अहवाल सगळं वरिष्ठांच्याच हाती असतं.

त्यापेक्षा साधी गोष्ट मागावी. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून. म्हणजे माणसाच्या सोयीसाठी वेळापत्रक हलवता येतं, हे खात्याला ठाऊक आहे. ऊन मोजता येतं तसा सणही मोजता येतो. पंचांग वर्षभर आधी छापलेलं असतं. तरी पुढच्याच वर्षी, २०२१ ला, सुट्टी २८ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर अशी आली, ती पंचांग पाहून नव्हे, तर १२ नोव्हेंबरला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण होतं म्हणून. सर्वेक्षण महत्त्वाचं असेलही. पण ते ठरवणाऱ्यांच्या घरचं पीठ कुणी दुसरं मळत असणार, हेही तितकंच खरं.

दिवाळीच्या तारखा शाळा उघडतानाच पक्क्या कराव्यात, मग काहीही झालं तरी त्या हलवू नयेत, आणि त्या दिवसांत ग्रुपवर कुठलाही तक्ता मागू नये. याला नवा कायदा लागत नाही, एक कागद पुरतो. घरातल्या बाप्यांना तर तोही लागू नये.