खांदेरी व उंदेरी

(पाठ : इफिसकरांस पत्र, अध्याय २, वचन १४)

आम्हां हिंगोलीकडील लोकांस समुद्र ठाऊक नाही. कयाधूला पूर आला म्हणजे तेवढेच आमचे मोठे पाणी. तथापि आज समुद्रातील दोन लहान बेटांची हकीकत सांगणे अवश्य वाटते.

रायगड जिल्ह्यात अलिबागेजवळ, थळ गावासमोर, खांदेरी व उंदेरी ही बेटे आहेत. सन १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर कोट बांधण्यास आरंभ केला. मुंबईकर इंग्रजांनी लढून पाहिले, पण काम थांबले नाही. तेव्हा सन १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी घेऊन तिजवर आपला कोट उभारला. तेथे त्याचे शेत नव्हते की बाजार नव्हता. समोर शत्रू होता म्हणून भिंत, आणि भिंत झाली म्हणून तोफा. त्याच वर्षी संभाजी महाराजांच्या माणसांनी उंदेरीवर हल्ला केला. तो फसला व पुष्कळ जीव गेले. आज उंदेरीवर कोणी राहत नाही. पडके बुरूज व गंजलेल्या तोफा मात्र आहेत. खांदेरीवर सन १८६७ मध्ये दीपगृह झाले, तेवढे कामाचे उरले.

यरुशलेमेच्या मंदिरातही विदेश्यांनी पुढे जाऊ नये म्हणून भिंत होती. ती ओलांडणाऱ्यास मरणाची ताकीद देणारा कोरीव दगड सन १८७१ मध्ये सापडला आहे. ख्रिस्ताने मधली भिंत पाडली असे पौल लिहितो, तेव्हा ती दगडी भिंत उभीच होती!

आमच्याकडील एका गावी (नाव न सांगणे बरे) कबरस्तानाच्या कुंपणाच्या वर्गणीवरून दोन घरांत तेढ पडली. आता जुन्या प्रार्थनामंदिरासमोर, रस्त्यापलीकडे, पत्र्याचे दुसरे उभे आहे. दोहींकडे आठ-दहा माणसे बसतात, आणि दोहींकडचे कर्णे एकमेकांवर रोखलेले असतात. नाताळात आम्ही एकीकडे चहा घेतला म्हणून दुसरीकडचे रुसले. आम्ही गप्प राहिलो. ती चूक आमची. पुढे तेथील एक म्हातारी वारली. तिची एक लेक या घरी दिलेली, एक त्या घरी. खांदा कोणी द्यावा, याचा वाद ऐकत ते प्रेत दुपारपर्यंत अंगणात राहिले.

येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही त्या गावी येत आहोत. भाकर एकच आणू. ती कोणत्या छपराखाली मोडावयाची, हे दोन्ही घरच्या वडीलजनांनी एकत्र बसून ठरवावे व शनिवारच्या आत आम्हांस कळवावे.