वाचणे आणि उमगणे

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या राणीच्या एका अधिकाऱ्याची कथा आहे. यरुशलेमहून परतताना रथात बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचीत होता. फिलिप धावत रथाजवळ गेला आणि वाचलेले कळते काय, एवढेच त्याने विचारले. राणीच्या साऱ्या खजिन्यावर असलेला तो मोठा माणूस. पण कोणी समजावून दिल्याखेरीज आपल्याला कसे कळणार, असे त्याने निःसंकोच सांगितले आणि त्या पायी आलेल्या अनोळखी माणसाला रथात जवळ बसवून घेतले. पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला, तो आपल्या लक्षात राहतो. त्याआधीची ही प्रांजळ कबुली मात्र आपण सहसा विसरतो.

लहान मुलांच्या वाचनाचा विचार करताना ही कथा आम्हाला वारंवार आठवते. मूल घडाघडा वाचू लागले की घरात आनंद होतो. पाहुण्यांपुढे त्याला पुस्तक देऊन उभे केले जाते. मिस्सामध्ये पहिले वाचन त्याने न अडखळता केले, तर आईवडिलांचे डोळे भरून येतात. त्या आनंदाला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्याला काय कळले, हे कोणी विचारीत नाही. उच्चारालाच शाबासकी मिळत राहिली, की न कळणे लपवावे, असे मूल शिकते. येथे हा प्रश्न केवळ शिक्षणाचा उरत नाही, तो सचोटीचा होतो.

यावर कोणी म्हणेल, आमच्या आजीआजोबांनी वर्षानुवर्षे लॅटिन मिस्सा ऐकली, अर्थ न कळता उत्तरे दिली. त्यांची श्रद्धा काय उणी होती? आक्षेप खरा आहे. प्रार्थनेला विश्वासाचा आधार पुरतो. पण कर्जाच्या कराराला, औषधाच्या बाटलीवरील सूचनेला, भूसंपादनाच्या नोटिशीला तो पुरत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून पनवेल-उरणच्या गावांनी जितके कागद पाहिले तितके थोड्यांनी पाहिले असतील. अक्षरे वाचणे आणि कागदाचा अर्थ कळणे यांत किती अंतर असते, हे या भागाला आम्ही सांगावयास नको.

'प्रथम' या संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेथे मोजले जाते ते मुख्यतः वाचता येणे. उमगण्याचा हिशेब त्याच्याही पुढचा आहे.

उमगते कसे? कर्नाळ्याच्या अभयारण्यात सुट्टीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. तेथल्या एका पक्ष्याचे नाव 'तांबट'. पहिलीतले मूलही हे नाव वाचील. तीनच अक्षरे, जोडाक्षर एकही नाही. पण झाडावरून येणारा टुक् टुक् असा एकसारखा आवाज त्याला ऐकवला, तांब्याची भांडी ठोकून घडविणाऱ्या कारागिराला तांबट म्हणतात हे सांगितले, आणि घरी आल्यावर माळ्यावरचा जुना हंडा काढून त्यावरच्या ठोक्यांच्या खुणा बोटांनी चाचपू दिल्या, म्हणजे तो शब्द त्याचा झाला. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, त्या खेळावरचा उतारा समजण्यात वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे भाताच्या लावणीला नेलेले, बाजारात मासळीचा भाव करताना सोबत ठेवलेले मूल पुस्तकाबाहेरही वाचनाचीच तयारी करीत असते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक मानले. हे ऐकून पुष्कळ पालक खजील होतात. मूल इंग्रजी माध्यमात, आणि आपले शिक्षण चौथीपर्यंत मराठीत. आपण काय शिकविणार? आम्हाला वाटते, त्यांचे हे न कळणेच उपयोगाचे आहे. शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याला ठाऊक असते, हे मुलाला कळते. आई जेव्हा भाकरी थापता थापता विचारते, "काय रे लिहिलंय त्यात? मला सांग की," तेव्हा तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे असते. मुलाने इंग्रजी धडा घरच्या बोलीत सांगावा. आगरीत सांगितला तरी हरकत नाही. सांगताना जेथे तो अडखळेल, तेथेच त्याला कळलेले नाही, हे त्याचे त्यालाच उमजते. मग मागे जाऊन पुन्हा वाचावे. त्यात कमीपणा नाही, हे आईच्या चेहऱ्यावर दिसले पाहिजे.

मात्र या विचारण्याची परीक्षा होऊ नये. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये लिहिले आहे, की लॅटिन भाषा ते दायांच्या लाडाकोडात, हसतखेळत शिकले. ग्रीक मात्र धाकदपटशाने शिकविली गेली, म्हणून तिचा तिटकारा आला. एवढा बुद्धिमान पुरुष, त्याचीही ही गत! प्रत्येक ओळीला थांबवून अर्थ विचारणारा बाप मुलाला पुस्तकापासून दूरच लोटील. कधी आपण वाचावे, मुलाने ऐकावे. गोष्ट रंगात आली असता थांबून पुढे काय होईल असे वाटते, हे विचारावे. तर्क चुकला तर हसू नये. तळोज्याच्या कारखान्यातून रात्री परतणाऱ्या बापालाही दहा मिनिटे काढता येतील. तीही नसतील, तर रविवार आहे.

मिस्साहून परतताना त्या दिवशीच्या शुभवर्तमानावर बोलावे. उधळ्या पुत्राचा दाखला झाला असेल, तर एखादे मूल हमखास विचारील, "मग तो थोरला भाऊ शेवटी घरात गेला का?" लूकने ते लिहिलेले नाही. आपल्यालाही ठाऊक नाही, असे वडिलांनी सांगावे, आणि तुला काय वाटते, हे विचारावे. आईचे मत वेगळे निघाले, तर जेवायला थोडा उशीर होईल.