झबल्याचा रंग

स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला शुभ्र वस्त्र दिले जाते. मुलगा असो वा मुलगी, वस्त्र एकच. ख्रिस्ताला परिधान केलेल्यांत स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही, अशी संत पौलाची गलतीकरांना दिलेली शिकवण त्यामागे आहे. कित्येक घरांत थोरल्याचे तेच झबले जपून ठेवून धाकट्या बहिणीला घालतात. घरी येऊन भेटवस्तू उघडल्या, की मात्र वाटणी सुरू होते : मुलीला गुलाबी, मुलाला निळे.

ही वाटणी पूर्वापार चालत आली असावी, असा आपला समज. पण पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ सालचे बालपणीचे छायाचित्र पाहावे. अंगात पांढरा झगा, केस खांद्यापर्यंत रुळणारे. त्या काळी तेथील लहान मुलगे सर्रास झगेच घालीत. पांढरे सुती कापड उकळून धुता येई, हा सोयीचा भाग होताच. १९१८ साली तर तेथील एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता! आजची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर पक्की झाली. निळा हा तर मरियामातेच्या वस्त्राचा रंग. फ्रान्समधील भाविक माता आपली मुले, मग ते मुलगे का असेनात, तिला वाहून त्यांना निळे-पांढरे कपडे घालीत.

तेव्हा रंग बिचारा निर्दोष आहे. हौसेने आणलेल्या गुलाबी झबल्यावर रागावण्याचे मला कारण दिसत नाही. मला खुपते ते वेगळेच. भावाचा सदरा बहिणीला चालतो, बहिणीचा झगा भावाला का चालत नाही? सदरा घातल्याने मुलीची शोभा होते आणि झगा घातल्याने मुलाची मात्र नाचक्की, असे का व्हावे?

आपल्याकडे आधीची मुले दगावली, की नवसाच्या मुलाचे नाक टोचून त्याला नथ घालीत. 'नथू' हे नाव त्यातूनच आले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिक खेड्यांतही मुलग्यांना बरीच वर्षे घागरे घालीत. पऱ्या मुलगे पळवतात, मुलींकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशी समजूत सांगितली जाई. दोन टोकांचे देश, पण हिशेब एकच : मुलगी म्हणजे कुणीही हिरावून नेणार नाही अशी चीज. आईच्या काळजातली भीती खरी होती, तिला मी हसणार नाही. त्या हिशेबाची मात्र आजही लाज वाटते.

गेल्या नाताळात शेजारच्या घरी तीन वर्षांच्या मुलाने बहिणीला आखूड झालेला गुलाबी स्वेटर हट्टाने घातला. थंडी होती, स्वेटर उबदार होता. "अगंबाई, ही कोण मुलगी आली?" म्हणत मोठी माणसे हसली. पोराने रडवेला होऊन स्वेटर ओरबाडून काढला. मग सगळे त्याची समजूत घालू लागले. त्याची पाच वर्षांची बहीण तिथेच उभी राहून सारे ऐकत होती. तिला काय वाटले, हे कुणी विचारले नाही. मीही नाही.