नकार चुकला तर

मी क्लाउड कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय करतेस, असं नंदुरबारला कुणी विचारलं की मी सांगते, दारावरच्या राखणदाराला कसं वागायचं ते मी ठरवते. कोड मी लिहीत नाही, सर्व्हरही सांभाळत नाही. समोरचा माणूस जो असल्याचं सांगतोय तोच आहे का आणि त्याला आत सोडायचं का, एवढंच आमची सेवा इतर कंपन्यांना कळवते. तिला शंका आली तर तिने काय करायचं, कुठली चूक खपवून घ्यायची आणि कुठली नाही, हे कागदावर उतरवणं माझं काम.

चूक होणारच, हे या धंद्यात गृहीत असतं. ९९.९ टक्के अपटाइम ऐकायला भरभक्कम वाटतो, पण त्यात वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहायची मुभा असते. आणखी एक ९ जोडला की ती साधारण ५२ मिनिटांवर येते आणि खर्चाचं गणित पार बदलतं. ओळख पटवताना तर दोन चुका एकमेकींच्या गळ्यात बांधलेल्या असतात. भलत्याला आत घेणं ही एक, खऱ्याला बाहेर ठेवणं ही दुसरी. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जुळलं की मान्य करायचं ती मर्यादा, चढवला की पहिली घटते आणि दुसरी वाढते, उतरवला की उलट. आणि यंत्रणाच बंद पडली तर दार लावून घ्यायचं की उघडं ठेवायचं? आम्ही त्याला फेल क्लोज्ड आणि फेल ओपन म्हणतो. बँकेच्या सर्व्हरच्या दाराबद्दल वाद होत नाही, ते बंदच राहिलं पाहिजे. आग लागल्यावर सुटकेसाठी असलेल्या, विजेवर चालणाऱ्या दाराबद्दलही होत नाही, ते उघडलंच पाहिजे. वाद होतो तो मधल्या सगळ्यांबद्दल.

हा वाद मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही, त्याला माझा जिल्हा कारण आहे. देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. तारीख २९ सप्टेंबर २०१०, समोर पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी. आता रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा टेकला की विचारणा थेट परराज्यातल्या डेटा सेंटरपर्यंत जाते आणि बोट जुळलं की नाही याचा निवाडा घेऊन परत येते. माझ्यातल्या तंत्रज्ञाला या रचनेचं कौतुक आहे.

दिवाळीला घरी गेले होते तेव्हा आईबरोबर रेशनच्या रांगेत उभी होते. पुढे एक आजी होती, आयुष्यभर मिरची वाळवायच्या पथारीवर राबलेली. देठं खुडून खुडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. दुकानदार म्हणाला, "आजी, बोट पुसून लावा." तिने पदराला पुसलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी. थम लागेना. मागून कुणीतरी विचारलं, "रेंज नाही का अंगठा नाही?" दुकानदारालाही ते सांगता आलं नाही. टाइमआउट झाला काय आणि बोट जुळलं नाही काय, आमच्या लॉगमध्ये या दोन वेगळ्या घटना असतात, आजीच्या पिशवीत मात्र त्यांचा हिशेब एकच. ती रांगेकडे वळून म्हणाली, "माझी मिरची झोंबली वाटतं याला." सगळे हसले. तिला उद्या यायला सांगितलं.

घेणाऱ्याची पात्रता पाहून द्यावं का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. गीतेच्या १७व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत आणि सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट आहे. दुसरीकडे आमच्या सातपुड्यात याहामोगी आहे, धान्याची देवी. महाशिवरात्रीला गुजरातच्या हद्दीतल्या देवमोगऱ्याला तिची जत्रा भरते आणि आमच्याकडची गावंच्या गावं तिकडे लोटतात. दुष्काळात तिने अन्न देऊन माणसं जगवली, अशी तिची कथा सांगतात. त्या कथेत देवी कुणाची ओळख विचारत नाही. भूक हीच पात्रता.

बरीच वर्षं मला वाटायचं, यातला एक पक्ष निवडायचा आहे. आता वाटतं, रेशनच्या रांगेला हा वाद लागूच होत नाही, कारण तिथे दान चाललेलंच नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्काचं केलं. आजीचं नाव कार्डावर चढलं तेव्हाच तिच्या पात्रतेचा निकाल लागला. पुढे उरतं ते सरकारकडचं तिचं येणं. दान देणाऱ्याने शंका घेतली तर तो त्याचा अधिकार आहे. ज्याच्याकडे दुसऱ्याचं येणं थकलंय, त्याला शंकेच्या नावाखाली ते रोखता येत नाही. खात्री करायची तर त्याने जरूर करावी, पण आपल्या खर्चाने आणि आपला वेळ घालून.

पडताळणीच नको, असं मी म्हणत नाही. खोट्या कार्डांवर उचललेलं धान्यही कुणाच्या तरी ताटातलंच असायचं. आणि अंगठा लागला नाही म्हणून कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, अपवादाची वेगळी नोंद करून धान्य द्यावं, असं खुद्द आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७चं परिपत्रक सांगतं. म्हणजे वरच्या कागदावर दार उघडंच होतं. प्रत्यक्षात ते लावलेलं राहतं, कारण अपवादाची वाट दुकानदारासाठी कटकटीची असते आणि 'उद्या या' म्हणायला काहीच पडत नाही. अशा नकाराला कर्ताही सापडत नाही. दुकानदार मशीनकडे बोट दाखवतो, मशीन सर्व्हरकडे, सर्व्हर नेटवर्ककडे. पण कुठला रस्ता सोपा करायचा आणि कुठला अवघड, हे कुणीतरी आधीच, माझ्यासारखंच टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. कर्मात कर्ता शोधायचा तर तो तिथे शोधावा.

म्हणून माझ्या प्रत्येक स्पेसिफिकेशनमध्ये आता एक रकाना असतो: नकार चुकला तर भुर्दंड कुणाला? तो पेलण्याची ऐपत नसलेल्या माणसाला पडणार असेल, तर शंकेचा फायदा त्याला आणि तोटा आमच्या खात्यावर. यावर हिशेब पाहणारे सहकारी कुरकुरतात आणि त्यांचंही बरोबर असतं. भलत्याला गेलेलं ५ किलो धान्य तोटा म्हणून नोंदलं जातं, कधी ना कधी पकडलंही जातं. पण खऱ्या माणसाला न मिळालेलं ५ किलो शिल्लक म्हणून दिसतं. डॅशबोर्डवर ते हिरव्या रंगात येतं आणि त्यावर कुणाला बढतीही मिळू शकते. ही बचत कुणाचं येणं बुडवून झाली, हे शोधण्याची जबाबदारी बचत मोजणाऱ्यावरच आहे. रांगेतल्या आजीने ते सिद्ध करावं, अशी अपेक्षा ठेवणं मला अधर्म वाटतो.