मग करावें काय?

खेड्यांतील मंडळीच्या सभेस जो कधीं बसला आहे त्यास हा अनुभव नवा नाहीं. देवळाचें छप्पर गळतें, मुलें शाळा सोडून गुरांमागें जातात, अमक्याचें शेत गहाण पडलें, दोन घरांत बोलणें बंद आहे. हें सांगावयास दहा तोंडें पुढें येतात. पण वडील मंडळींपैकीं कोणीं "मग करावें काय?" असें विचारलें, कीं सगळे भुईकडे पाहूं लागतात. ह्याचें कारण सर्वांस ठाऊक आहे. जो उपाय सुचवील त्याच्याच गळ्यांत तो पडावयाचा. आणि उपाय फसला तर हंसेंही त्याचेंच व्हावयाचें. प्रस्तुत लेखकही अशा सभांत मान खालीं घालून बसला आहे, हें कबूल करणें बरें.

ह्या भित्रेपणावर आपण पुष्कळदां भक्तीचें पांघरूण घालतों. "प्रभु पाहून घेईल," असें म्हटलें म्हणजे झालें! तेव्हां प्रश्न असा कीं, ज्याचा देवावर भाव आहे त्यानें स्वतः उपाय योजणें हा अविश्वास आहे काय?

प्रिय वाचकहो, नहेम्याचें पुस्तक एकवार सावकाश वाचून पाहा. यरुशलेमेचा कोट पडला आहे व वेशी जळाल्या आहेत, ही बातमी हनानीनें शूशन येथें आणिली, तेव्हां नहेम्या बसून रडला. त्यानें उपास केला, प्रार्थना केली. किस्लेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत सुमारें चार महिने गेले. ह्या दिवसांत तो केवळ रडत बसला नव्हता, हें पुढील गोष्टीवरून कळतें. राजानें त्याचें उतरलेलें तोंड पाहून कारण पुसलें व तुझें मागणें काय असें विचारलें. आपण असतों तर दुःखाचीच कथा पुन्हां सांगत बसलों असतों. नहेम्याजवळ उत्तर तयार होतें: किती काळ रजा हवी, नदीपलीकडील सुभेदारांस कसलीं पत्रें हवींत, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ ह्यानें लांकूड कशाकशासाठीं द्यावें. राजाचा प्रश्न व आपलें उत्तर ह्यांच्यामध्यें त्यानें स्वर्गींच्या देवाची प्रार्थना केली. ती एका श्वासाएवढीच असली पाहिजे. आपणांस फार भय वाटलें असें तो स्वतःच लिहितो. भय गेल्यावर तो बोलला नाहीं, भय असतांनाच बोलला.

आम्हांस पांचवा अध्याय ह्याहून कठीण वाटतो. कोट बांधीत असतां गरीब लोकांनीं ओरड केली कीं, आमचीं शेतें व द्राक्षमळे गहाण पडले, आमचीं मुलें दास्यांत गेलीं. हें दुःख आमच्या गांवकरी वाचकांस समजावून सांगावयास नको. नहेम्या फार संतापला. त्यानें श्रीमंतांस सर्वांसमक्ष दोष दिला. पण त्याच सभेंत त्यानें हेंही कबूल केलें कीं, मी, माझे भाऊ व माझे चाकर ह्यांनींही पैसा व धान्य कर्जाऊ दिलें आहे. आतां आपण सर्व हें सोडून देऊं. ऐकणारे कबूल झाले ते ह्यामुळेंच असावे. पुढें १२ वर्षें सुभेदार असून त्यानें सुभेदारीचा शिधा घेतला नाहीं.

कोणी म्हणेल, तो राजाचा प्यालेबरदार होता, आमच्या हातीं काय आहे? त्यानें पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें. १८८२ साली पुणें येथें हंटर साहेबांच्या शिक्षण-कमिशनापुढें त्यांची साक्ष झाली. वय २४ वर्षांचें, त्याच वर्षीं पति वारलेले, पदरीं तान्ही मनोरमा. आणि त्या वेळीं त्या ख्रिस्तीही झालेल्या नव्हत्या. स्त्रियांची दुर्दशा तर पुष्कळ जण सांगत असत. बाईंनीं उपाय सांगितले: शिक्षिका तयार करा, शाळा तपासण्यास स्त्रिया नेमा, स्त्रियांस वैद्यकी शिकवा. एवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. वैद्यकी आपणच शिकावी म्हणून १८८३ साली विलायतेस गेल्या. तेथें कान मंद असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. ही गोष्ट आपण घाईनें ओलांडूं नये. विश्वासानें योजिलेला उपायही फसतो. देवानें तसा करार कोणाशीं केलेला नाहीं. बाई अध्यापनाकडे वळल्या, आणि १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडलें. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई पुढें धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. दुष्काळपीडित मुलींस आश्रय देणारें केडगांवचें मुक्तिसदन त्यानंतरचें.

यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत पुरा झाला. तिसऱ्या अध्यायांत बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. उपासनेंत ती वाचावयाची आली तर आमचे कांहीं प्रचारक बंधु ती गाळतात, गाळूं नये. तींत सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, व्यापारी आहेत. पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधिला. तकोवाच्या सरदारांनीं कामास मान लाविली नाहीं, तेंही लिहून ठेविलें आहे. आणि शल्लूम नांवाच्या एका अधिकाऱ्यानें आपल्या मुलींसह एक तुकडा बांधिला. त्या मुलींचीं नांवें मात्र दिलेलीं नाहींत.