तारेवरचा हात

जिलो पोंतेकोर्वोच्या 'कापो' (१९६०) या इटालियन सिनेमात नाझी छळछावणीतली एक कैदी विजेच्या तारांवर स्वतःला झोकून देते. मग कॅमेरा पुढे सरकतो आणि तारांना लटकलेलं तिचं शरीर जवळून दाखवतो. काही सेकंदांचा मामला. जेवता जेवता फोनवर बघत असाल, तर लक्षातही येणार नाही.

जाक रिव्हेतच्या आलं. जून १९६१च्या 'काइए द्यू सिनेमा'त त्याने लिहिलं, की वर उचललेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका बसावा म्हणून या क्षणी कॅमेरा पुढे नेणारा माणूस निव्वळ तिरस्काराच्या लायकीचा आहे. फ्रेंच न्यू वेव्ह म्हटलं की आपण जंप कट आणि रस्त्यावरचं शूटिंग आठवतो. पण या पोरांची भांडणं अशीही होती. ट्रॅकिंग शॉट ही नैतिक बाब आहे, असं गोदार १९५९मध्येच बोलून गेला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'टूल न्यूट्रल असतं' हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. पण डिफॉल्ट कुणीतरी ठरवलेलं असतं. इथेही कॅमेरा आपोआप सरकला नाही. मरणाकडे बघून कुणीतरी 'अजून जरा नीट दिसू दे' असा विचार केला.

सरकणं हाच गुन्हा, असंही नाही. आलँ रेनेच्या 'नाइट अँड फॉग'मध्येही कॅमेरा सतत सरकतो, ओस पडलेल्या छावण्यांतून. तिथे त्याला काही सजवायचं नसतं.

रिव्हेतचा राग शॉटवरून माणसावर जातो, तिथे मात्र मी थांबतो. पोंतेकोर्वो स्वतः ज्यू होता, फॅसिस्टांविरुद्धच्या लढ्यात उतरलेला. वाईट माणसाने वाईट शॉट घेतला असता, तर विषय तिथेच संपला असता. सर्ज दाने या समीक्षकाने १९९२मध्ये लिहिलं, की त्याने 'कापो' कधी पाहिलाच नाही. रिव्हेतचं वर्णन त्याला पुरलं. हे मला झेपत नाही. कोड न उघडताच रिव्ह्यूमध्ये रिजेक्ट करण्यासारखं झालं हे.

दर पावसाळ्यात पुराच्या रील्स येतात. छपरावर अडकलेल्या माणसांभोवती ड्रोन सावकाश गोल फिरतो, मागे पियानो. बनवणाऱ्याला त्यांना मदत मिळावी असंच वाटत असतं, आणि कधीकधी मिळतेही. मी त्या पुढे पाठवतो. बघताना आवाज बंद ठेवतो.